दारू सुटली, आवाज खुपू लागले

दारू सोडवायला दाखल झालेल्या माणसाला आम्ही नर्सेस पहिले काही दिवस दर काही तासांनी दहा गोष्टी विचारतो आणि तपासतो. हात पुढे करा, बोटं फाका. मळमळतंय का? डोकं जड झालंय का? आज वार कोणता? अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतंय का? ही यादी आमच्या मनाची नाही. ‘सीवा-एआर’ नावाचा तक्ता आहे, १९८९ साली प्रसिद्ध झालेला, आणि जगभरच्या रुग्णालयांत तो वापरतात. त्यातला एक प्रश्न कानांचा आहे. आजूबाजूचे आवाज नेहमीपेक्षा जास्त जाणवतात का, कर्कश वाटतात का, दचकायला होतं का, आणि नसलेलं काही ऐकू येतं का? त्याला शून्य ते सात गुण द्यायचे.

नव्या मुली हा प्रश्न भरभर उरकतात. त्यांचा दोष नाही. हाताची थरथर दिसते, कपाळावरचा घाम दिसतो, आवाज खुपतो तो कुणाला दिसणार? मी मात्र तो प्रश्न खुर्ची ओढून, बसून विचारते. त्याचं एक कारण माझं माहेर. मी इचलकरंजीची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गाव त्या खटाखटीवर जगलं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग होते. आम्ही भावंडांनी त्या आवाजात अभ्यास केला, त्याच आवाजात झोपलो. आमच्याकडची माणसं मोठ्यानं बोलतात असं बाहेरचे लोक म्हणतात, ते खरंच आहे. पण त्यांनी आमच्या गल्लीत हळू बोलून बघावं.

वॉर्डात इचलकरंजीचा कुणी आला की मी हटकून विचारते, कुठलं खातं, कुठला माग. असेच एक काका आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. पंचेचाळीस ओलांडलेले, साध्या धोट्याच्या मागावर बारा तासांची पाळी, पाळी सुटली की देशीचा अड्डा. पुढेपुढे पाळीवर जायच्या आधीही घोटभर लागायची, नाहीतर कांडी भरताना हात कापायचे. दाखल झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या हातून स्टीलची किडनी ट्रे टेबलावर जराशी वाजली आणि काका पलंगावर ताडकन उठून बसले. छाती धपापत होती. म्हणाले, “सिस्टर, बारा बारा तास मागावर हुबा ऱ्हातोय मी. आठ माग एकटा बघतोय. तिथं कायबी हुत न्हाई. आणि हितं तुमची एवढीशी थाळी वाजली की काळीज तोंडात येतंय. हे काय हाय?”

प्रश्न अगदी योग्य होता. मागाच्या खात्यात आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी नव्वद ही मर्यादा आहे, आणि आमची माणसं त्यात बारा तास काढतात. अशा माणसाला ट्रेचा आवाज का लागावा?

कोल्हापूरकडची असल्यामुळे मी हे कुस्तीवरून समजावते. दोन पैलवान खांद्याला खांदा लावून रेटतायत. एक रेटतोय म्हणून दुसराही तेवढाच जोर लावून उभा आहे. पहिला अचानक बाजूला झाला, तर दुसरा आपल्याच जोरानं तोंडावर आपटतो. दारू हा पहिला पैलवान, आणि दुसरा आपला मेंदू.

मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटच्या कामात अडथळा आणते. म्हणून चार घोट पोटात गेले की अंग सैलावतं, पोरांचा गोंगाट लांबून आल्यासारखा वाटतो. हे रोज होऊ लागलं की मेंदू आपला तोल सांभाळायला उलट्या बाजूनं रेटतो. गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेट झेलणाऱ्या जागा वाढवतो. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हा जोर लावलेला असतो. दारू एका दिवसात थांबते. मेंदूचा जोर मात्र तेवढ्यात उतरत नाही. शिवाय दचकवणारं, नाडी पळवणारं नॉरॲड्रिनलिनही त्या दिवसांत भरपूर सुटलेलं असतं. अशा मेंदूला उजेड जास्त लागतो, स्पर्श जास्त लागतो आणि आवाज तर विचारूच नका. डोळे मिटता येतात. कानांना झाकण नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसलं आहे. दारूची सवय लावलेल्या उंदरांची दारू तोडली आणि त्या काळात त्यांना मोठा आवाज ऐकवला, तर नुसत्या आवाजानं त्यांना आकडी येऊ शकते. ही आकडी मेंदूच्या देठातल्या, कानाकडून येणारी खबर पुढे पाठवणाऱ्या एका छोट्या केंद्रातून सुरू होते, हेही शोधून काढलेलं आहे. माणसांत आकडी यायला असा आवाज लागत नाही, ती तशीही येते. पण हा प्रयोग मी नातेवाइकांना मुद्दाम सांगते. ‘नाटकं करतोय’ म्हणणारा भाऊ त्यानंतर जरा गप्प होतो. उंदीर कशाला नाटकं करेल?

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते बारा तासांत हे सगळं सुरू होतं. रात्री अड्ड्यावरून आलेला माणूस पहाटे थरथरत उठतो तो यामुळेच. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात अवघड. आकडी यायची असेल तर बहुतेक पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डीटी होतो, म्हणजे माणूस स्थळकाळ विसरतो, थरथरतो, ताप चढतो, नसलेलं दिसतं. १८१३ साली थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरानं या अवस्थेला नाव दिलं. तिच्यात आजही माणसं दगावतात. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी, देवापुढे शपथ घेऊन एकदम दारू बंद करू नये. शपथ जरूर घ्यावी, पण डॉक्टरांना गाठून. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं मेंदूचा तो जोर टप्प्याटप्प्यानं उतरवतात, आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मेंदूला दुसऱ्या एका इजेपासून वाचवतं.

आवाज खुपणं आणि नसलेला आवाज ऐकू येणं यांच्यामध्ये एक पायरी आहे, तीही काकांनीच दाखवली. रात्री त्यांनी मला हाक मारली. “सिस्टर, खाली कुणी माग सुरू केलाय काय?” खाली औषधांचं कोठार होतं. मी त्यांच्या पलंगाशेजारी उभी राहून ऐकलं. डोक्यावरचा पंखा एका फेरीला एकदा कट्ट वाजत होता. मी पंखा बंद केला. माग थांबला. म्हणजे आवाज खरा होता, अर्थ चुकीचा लागला होता. हा भ्रम. पंखा बंद करूनही माग चालूच राहिला असता, किंवा भिंतीपलीकडून कुणीतरी नाव घेऊन शिव्या देतंय असं ते म्हणाले असते, तर तो भास झाला असता आणि मी डॉक्टरांना उठवलं असतं. काही जणांना बाकी शुद्ध पूर्ण असताना असे आवाज ऐकू येतात. वार सांगतात, बायकोला ओळखतात, आणि तरी हळूच म्हणतात, शेजारचे माझ्याबद्दल बोलतायत. घरच्यांना हा संशयी स्वभाव वाटतो. तो स्वभाव नसतो, त्यावर उपचार लागतो.

अशा रुग्णाची खोली शांत हवी, पण अंधारी नको, हे आम्हाला शिकवतात. अंधारात खुंटीवरचा शर्ट माणूस होतो. शांत खोलीचं मात्र सरकारी वॉर्डात काय करायचं ते पुस्तकात लिहिलेलं नाही. मी माझ्यापुरत्या युक्त्या केल्या आहेत. ट्रेखाली जुन्या चादरीचा तुकडा. ट्रॉलीच्या चाकांना तेल, तेही कुणाची वाट न बघता स्वतः. दारू सोडणाऱ्याला दाराजवळचा पलंग द्यायचा नाही. नातेवाइकाचा मोबाइल आवाज बंद करूनच आत. आणि वॉर्डातल्या टीव्हीवर बातम्यांची चर्चा सुरू झाली की मी तो बंद करते. त्याचा फायदा दारू न पिणाऱ्यांनाही होतो.

काकांच्या बाबतीत अजून एक गोष्ट होती, आणि ती दारूची नव्हती. वर्षानुवर्षं मागाच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाच्या आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी मरतात. त्या पुन्हा येत नाहीत. श्रवण तपासणीच्या आलेखात साधारण चार हजार हर्ट्झला खड्डा पडलेला दिसतो. हळू बोललेलं ऐकू येत नाही, पण आवाज जरा वाढला की तो एकदम अंगावर येतो. ऐकू येणं आणि सहन न होणं यांच्यातलं अंतर कमी झालेलं असतं. म्हणून “काय म्हणतीस?” असं दोनदा विचारणारा म्हातारा तिसऱ्या वेळी बायको मोठ्यानं बोलली की “ओरडतीस कशाला?” म्हणून खेकसतो. आमच्या गल्लीत घरटी असा एक म्हातारा होता. दारू प्यायला न प्यायला, कानांचं हे होतंच. काका वर हेही म्हणाले की कानात सारखी शिट्टी वाजते, पिल्यावर तिचं काही वाटायचं नाही. आता शिट्टीकडे लक्ष जाऊ नये यासाठी हाताशी काहीच नव्हतं.

वॉर्डातला आठवडा त्या मानानं सोपा. औषध असतं, तक्ता असतो, मी असते. गुण रोज उतरतात आणि पाच-सात दिवसांत माणूस घरी जातो. खरी परीक्षा घरी होते, कारण झोपेची मोडलेली घडी, चिडचिड आणि हे दचकणं काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतं. सगळ्यांनाच होतं असं नाही, आणि रोज सारखंही नसतं. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली की माणूस हातातला पेपर फेकतो.

काकांना पंधरा दिवसांनी तपासणीला बोलावलं होतं. बरोबर काकी आल्या. डॉक्टरांपुढे दोघं गप्प बसले. बाहेर आल्यावर काकींनी मला गाठलं. “सिस्टर, पीत न्हाईत ते बेस झालं. पन ह्यांच्यापुढं ताट ठिवायची चोरी झालीया. पोरगी अभ्यासाला मोठ्यानं वाचती, तर तिच्यावर डोळं वटारत्यात. पिऊन आलं की गप पडायचं तरी.”

हे शेवटचं वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते कानावर पडताच पोटात गोळा येतो. बोलणारीला तसं म्हणायचं नसतं. पण तो माणूस ते ऐकतो आणि त्यातून त्याला हवं तेवढंच घेतो. एक क्वार्टर घेतली की कान शांत होतात हे त्याला तोंडपाठ असतं, ते खरंही असतं. मेंदूला पुन्हा तोच जुना पैलवान भिडतो, इतकंच. आवाज सहन होत नाही म्हणून पुन्हा प्यायला लागलेले कितीतरी जण मी दुसऱ्यांदा दाखल करून घेतले आहेत. कारण विचारलं तर ते टेन्शन सांगतात. खोदून विचारलं की कळतं, ते टेन्शन म्हणजे संध्याकाळी सात ते नऊचं घर. कुकर, मालिका, मिक्सर, अभ्यास, भांडण.

मग घरच्यांना आवाज कमी करायला सांगावं? पुस्तकं तसं सांगतात. मला ते पटत नाही, किंवा निम्मंच पटतं. कारण दारुड्याच्या घरातल्या शांततेला इतिहास असतो. बाप झोपलाय, पाय वाजवू नका. बाप आलाय, रेडिओ बंद करा. काकींच्या पोरीनं दाराची कडी आवाज न करता लावायची कला पाचव्या-सहाव्या वर्षीच शिकली असणार. आता बाप शुद्धीवर आला, आणि आम्ही त्याच पोरीला पुन्हा सांगायचं की बाळ, हळू वाच? माझ्या मते तिनं मोठ्यानंच वाचावं. ज्याला आवाज खुपतो त्यानं उठून जावं. त्यात अपमान काही नाही. पाय धड आहेत, कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ आहे, पंचगंगेकडे जाणारा रस्ता आहे. डोक्यात कळ आली की भांडण होण्याआधी चप्पल घालायची आणि ‘अर्ध्या तासात येतो’ असं सांगून निघायचं. सांगून निघणं महत्त्वाचं, कारण न सांगता बाहेर पडलेल्या नवऱ्याची वाट कुठे जाते हे त्या घराला चांगलं ठाऊक असतं.

घरच्यांकडून एकच सवलत मागावी, ती झोपेची. रात्रीची झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी आवाज दुप्पट लागतात, आणि दारू सोडलेल्याची झोप आधीच हलकी, तुटक असते. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी बंद करणं हे तर त्याच्या स्वतःच्या हातात आहे.

कानात कापसाचे बोळे घालून बसणारेही भेटतात. खात्यात काम करताना कान झाकायलाच हवेत, तिथे कुणी झाकत नाही ही रड वेगळी. पण घरी दिवसभर कान बंद ठेवले तर मेंदू आवाज अजून वाढवून ऐकायला लागतो. धडधाकट लोकांना दोन आठवडे कानात बोळे घालायला लावून हे तपासलं आहे, त्यांना नंतर आवाज जास्त मोठे वाटू लागले. लग्नाच्या वरातीपुरते बोळे ठीक. कुकरसाठी नकोत.

वरातीवरून आठवलं. आमच्याकडे मोठ्या स्पीकरच्या भिंतींना डॉल्बी म्हणतात, कंपनी कुठलीही असो. गणपतीत डॉल्बी लागला की चांगल्या माणसाच्या छातीत धडधडतं, तर याचं काय होत असेल? नियम कागदावर चांगले आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. २००० सालचे हे नियम आहेत. मिरवणुकीच्या रात्री आमच्या वॉर्डाच्या काचा थरथरतात तेव्हा मला ते पाठ म्हणून दाखवावेसे वाटतात. ऐकू कुणाला जाणार? दारू सोडून महिना-दोन महिने झालेल्यांना मी सरळ सांगते, त्या दिवशी मुक्कामाला खेड्यातल्या बहिणीकडे जा. मिरवणुकीत दारूही असते, त्यामुळे ते दोन्ही अर्थांनी बरं.

काही आवाज मोठे नसतात, पण ओढतात. बाटलीचं सील मोडल्याचा तो कडक आवाज. काचेवर काच. चकण्याची पुडी फोडल्याचा. एक शिक्षक होते, त्यांना सोड्याच्या बाटलीचा फस्स आवाज ऐकला की तोंडाला पाणी सुटायचं, पोरांसाठी आणलेल्या लेमनच्या बाटलीचा असला तरी. हे मेंदूचं शिकलेलं आहे, मनाचा हलकटपणा नाही. ते विसरायला वेळ लागतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांमध्ये अशा गोष्टी मोकळेपणी निघतात. तिथला एखादा दहा वर्षं न पिलेला माणूस म्हणतो, ‘मलाबी व्हायचं, जातंय हळूहळू,’ त्याचा उपयोग माझ्या सगळ्या गाबा-ग्लुटामेटपेक्षा जास्त होतो.

घरी असताना आकडी आली, माणूस तारीख-वार विसरून बडबडू लागला, ताप चढून थरथरू लागला, किंवा कुणी नसताना आवाज येतात म्हणू लागला, तर मात्र सभा, देऊळ, बहीण काही नाही. रिक्षा करायची आणि दवाखाना गाठायचा. आणि महिने उलटले तरी आवाज तसेच खुपत असतील, तर कान तपासून घ्यायचे. काकांना आम्ही तपासायला पाठवलं. खड्डा होताच.

काकींना त्या दिवशी मी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना थट्टा वाटली. आपण स्वतः केलेल्या आवाजाची खबर मेंदूला आधीच असते, म्हणून तो आवाज तो कमी धरतो. दुसऱ्यानं आदळलेलं ताट दचकवतं, आपल्या हातून आदळलेलं तेवढं दचकवत नाही. तर संध्याकाळची भांडी काकांना घासायला लावा. काका ओशाळून छताकडे बघत राहिले. काकी तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढच्या तपासणीला दोघं आले तेव्हा मी विचारलं, भांडी घासतात का? काकी म्हणाल्या, “घासत्यात. आवाजबी करत्यात, मगाशीच शेजारीन इचारत हुती कोन भांडतंय म्हनून. पन सिस्टर, कढईचं बूड तसंच काळं ठेवत्यात. त्याला काय औशिद हाय का?”